सुक्याबरोबर ओलं

काकांनी ते पत्र आधी कचऱ्याच्या डब्यात टाकलं होतं. क्रेडिट कार्डाची जाहिरात असेल, असं त्यांना वाटलं. काकूंना लिफाफ्यावर राज्य सरकारचा शिक्का दिसला म्हणून ते परत वर आलं. कोपऱ्याला चहापत्तीचा डाग, मधोमध चुरगळलेलं. तसंच ते माझ्या टेबलावर ठेवून काका म्हणाले, "वाच. आणि माझं काय चुकलं ते सांग."

२०१० सालची गोष्ट. काका म्हणजे नात्याने माझे कुणी नव्हेत. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावी जनरल इलेक्ट्रिकमध्ये नोकरीला आलेले, पुढे नोकरी सोडून स्वतःचं मशीन शॉप काढलेले कोल्हापूरकर. पदरी बावीस कामगार. तिथली मराठी मंडळी त्यांना काकाच म्हणायची. मी आल्बनीजवळच्या एका अकाउंटंटच्या ऑफिसात होते. लहान कारखानदार, ठेकेदार, गॅरेजवाले यांची खाती बघायचे, त्यात काकांचंही खातं होतं.

पत्राचा मजकूर सरळ होता. कामगारांच्या अपघात-भरपाईसाठी तुम्ही ज्या गटाच्या निधीत सभासद होतात, त्या निधीत तूट आली आहे. तुमच्या सभासदत्वाच्या वर्षांपुरता तुमचा वाटा ६१,४०० डॉलर. तो भरावा.

"अगं, तो गट मी २००४ मध्येच सोडला," काका म्हणाले. "चार वर्षं होतो. चार वर्षांत एक अपघात, पोराच्या बोटाला तीन टाके. तीन टाक्यांचे एकसष्ट हजार?"

मी लगेच काही बोलले नाही. अशी पत्रं तोवर मी आणखी काही जणांच्या हातात बघितली होती. आणि खरं सांगायचं तर हे सगळं शिजत होतं तेव्हा मी स्वयंपाकघरातच होते.

वर्गणी

कामावर कामगार जखमी झाला तर त्याचा औषधोपचार आणि बुडालेल्या पगाराचा काही भाग मालकाने द्यायचा, हा अमेरिकेत राज्याराज्यांचा कायदा आहे. तिथे बोलताना सगळे नुसतं 'कॉम्प' म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये मालकाला त्यासाठी विमा कंपनीकडून पॉलिसी घ्यावी लागते, नाहीतर सरकारी विमा निधीकडून. कंपनी मोठी असेल तर ती राज्याकडे तारण ठेवून स्वतःच भरपाई देते. याला स्वविमा म्हणायचं. लहान मालकाची तेवढी ऐपत नसते. म्हणून १९६६ मध्ये कायद्याने एक वाट काढून दिली. एकाच धंद्यातल्या मालकांनी गट करायचा, पैसे एका ट्रस्टमध्ये टाकायचे आणि कुणाचाही कामगार जखमी झाला की त्या निधीतून द्यायचं. एक प्रकारची भिशीच, फक्त नंबर लागतो तो अपघाताने.

कल्पना वाईट नव्हती. विमा कंपनीचा नफा वाचतो, दलालाचं कमिशन वाचतं, आणि आपल्या धंद्यातले धोके आपल्याला जास्त कळतात.

२००० च्या सुमारास एका गटाचा कारभार चालवणाऱ्या प्रशासक कंपनीने आम्हा हिशेबवाल्यांना आणि आमच्या अशिलांना जेवायला बोलावलं. हॉटेलातला हॉल, जाड स्टेक, पडद्यावर रंगीत आलेख. विमा कंपनीच्या दरापेक्षा वीस-पंचवीस टक्के स्वस्त. शिवाय वर्षाअखेर शिल्लक उरली तर सभासदांना परत. बोलणारा गृहस्थ 'प्रीमियम' हा शब्द एकदाही वापरत नव्हता. 'कॉन्ट्रिब्युशन' म्हणायचा, म्हणजे आपली वर्गणी. मला तेव्हा त्या शब्दाचं काही वाटलं नाही. गणपतीची वर्गणी दिली, पावती घेतली की आपला संबंध संपतो. मांडववाल्याचे पैसे थकले तर तो आपल्या दारात येत नाही. हॉलमधल्या चाळीस-पन्नास मालकांनी वर्गणीचा अर्थ तसाच धरला असणार.

प्रश्न भरपूर विचारले गेले. हप्ते पाडून मिळतील का, कागदपत्रं काय लागतील, बिल्डरला दाखवायला सर्टिफिकेट किती दिवसांत मिळेल. निधी कमी पडला तर कोण भरणार, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही, आणि माझा तर धंदाच तो.

छपरावरचे कारकून

वर्गणी ठरते ती पगाराच्या दर शंभर डॉलरमागे, आणि दर ठरतो कामाच्या वर्गावरून. प्रत्येक कामाला चार आकडी कोड असतो. ८८१० म्हणजे ऑफिसातले कारकून. ५५५१ म्हणजे छपराचं काम करणारे. खुर्चीवरून पडणारा आणि छपरावरून पडणारा यांच्या दरात किती अंतर असेल ते वेगळं सांगायला नको. म्हणून वर्षाअखेर पगाराची तपासणी होते: कोण कुठल्या कोडमध्ये दाखवला आहे, आणि तो खरोखर काय करतो.

ठेकेदारांच्या एका गटासाठी मी अशा तपासण्या केल्या आहेत. एका छपरवाल्याकडे कागदोपत्री सहा कारकून होते. त्याचं ऑफिस म्हणजे गॅरेजवरची एक खोली. टेबल एक, खुर्च्या दोन, त्यातल्या एकीवर मांजर. मी विचारलं, बाकीचे पाच कारकून बसतात कुठे? तो खिडकीतून खालच्या ट्रककडे बघत म्हणाला, "हवा चांगली असली की बाहेरच असतात."

मी खरे कोड लिहून अहवाल दिला. दोन दिवसांनी प्रशासक कंपनीतून फोन आला. आवाज गोड. "इतकं ताणू नका. वर्गणी वाढली तर तो दुसऱ्या गटात जाईल." त्यातली मेख मला नंतर कळली. प्रशासकाची फी जमा वर्गणीवर टक्केवारीने होती. सभासद वाढले की फी वाढायची. सभासद धोक्याचा निघाला तर भुर्दंड निधीला, म्हणजे बाकीच्या सभासदांना. राखणदाराचा पगार पिकावर नाही, शेतात शिरलेल्या गुरांच्या डोक्यांवर ठरलेला होता.

न दिसणारे अपघात

एवढ्याने गट बुडाले नसते. बुडवलं ते काळाने.

आग लागली की नुकसान किती ते आठवड्याभरात कळतं. कॉम्पमध्ये तसं नसतं. २००१ मध्ये एखाद्याची पाठ धरते. दोन महिने विश्रांती, परत कामावर. २००३ मध्ये शस्त्रक्रिया. २००६ मध्ये डॉक्टर लिहून देतो की याला आता कायमचं अर्धं अपंगत्व. न्यूयॉर्कमध्ये १३ मार्च २००७ पूर्वीच्या अपघातात अशा कायमच्या अंशतः अपंगत्वाला वर्षांची मर्यादाच नव्हती. माणूस जगेल तोवर साप्ताहिक चेक जाऊ शकायचा. त्या दिवसापासूनच्या अपघातांना नव्या कायद्याने मर्यादा घातली, तीही जास्तीत जास्त ५२५ आठवडे, म्हणजे दहा वर्षांची. २००१ च्या वर्गणीतून २०३० चा चेक निघायचा असतो तो असा.

म्हणून दरवर्षी ॲक्चुअरीला, म्हणजे विम्याचं गणित मांडणाऱ्याला, अंदाज बांधावा लागतो. घडलेल्या अपघातांवर अजून किती जाईल, आणि घडलेत पण अजून कुणी कळवलेच नाहीत अशांवर किती. या रकमेला रिझर्व्ह म्हणतात. ती तिजोरीत वेगळी दिसत नाही. हिशेबात देणं म्हणून दाखवावी लागते. ती कमी दाखवली की तेवढीच शिल्लक उगवते.

एका गटाच्या कागदांत मी ॲक्चुअरीचा अहवाल बघितला. शेवटच्या पानावर तीन आकडे होते: कमीत कमी, मधला, जास्तीत जास्त. कुणीतरी पेन्सिलीने पहिल्या आकड्याभोवती गोल काढला होता. ताळेबंदात तोच गेला. त्यातूनही, निधीवर व्याज मिळेल म्हणून काही रक्कम कापली होती. त्या वर्षी गट 'शिलकीत' होता, आणि सभासदांना परतावा म्हणून चेक गेले. काकांनाही अकराशे डॉलर आले होते. त्यांनी त्यातून शॉपसाठी कॉफीचं मशीन घेतलं.

विश्वस्तांनी हे बघायला नको होतं का? हवं होतं. पण विश्वस्त म्हणजे सभासदांतलेच मालक. कुणी लोखंडवाला, कुणी छापखानेवाला. तीन महिन्यांतून एक बैठक, टेबलावर सँडविचचा ट्रे, पुढ्यात प्रशासकाने बांधून आणलेली दोनशे पानांची फाइल. तासाभरात सह्या होऊन बैठक संपायची. भले लोक होते. उंटावर प्रशासक बसला होता आणि शेळ्या आपण हाकतोय असं या मंडळींना वाटत होतं.

पान सहा

काकांच्या फाइलमधून मी २००० चा करार काढला. सहाव्या पानावर एक परिच्छेद होता. इंग्रजीत त्याचं नाव 'जॉइंट अँड सेव्हरल लायबिलिटी'. आपल्याकडच्या पतसंस्थेच्या फॉर्मवर हेच लिहिलेलं असतं: संयुक्तपणे आणि स्वतंत्रपणे जबाबदार. गटाचं देणं सगळ्यांचं मिळून, आणि वेळ आली तर एकट्याचंही पूर्ण. खाली काकांची वळणदार सही.

"म्हणजे मी जामीन राहिलो होतो?" काकांचा आवाज एकदम उतरला.

"हो."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

हा हिशेब कसा बसतो ते मी त्यांना कागदावर काढून दाखवलं. तूट वर्षवार मांडतात. त्या वर्षी जमलेल्या वर्गणीत तुमचा हिस्सा जेवढा, तेवढा तुटीतला वाटा. तुमचा स्वतःचा अपघात झाला की नाही, हा प्रश्नच नसतो. गट सोडलात तर पुढच्या वर्षांचं देणं लागत नाही, मागच्यांचं सुटत नाही. आणि ज्या सभासदांचं दिवाळं वाजलं, त्यांचा न भरलेला वाटा उरलेल्यांकडे सरकतो. सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात ना, इथे तर सुकं पळून जातं आणि ओलंच जळत बसतं.

काका गप्प होते. माझ्या मनात मात्र माझे वडील होते. कोल्हापुरात मित्राच्या कर्जाला ते जामीन राहिले होते. मित्राने हप्ते थकवले आणि पतसंस्थेचा माणूस आमच्या दारात आला. आई तेव्हा एवढंच म्हणाली होती, "जामीन राहायचं तर त्याच्या घरी येणंजाणं पाहिजे."

तिच्या या वाक्यात एक जुना सहकारी नियम होता, हे मला अमेरिकेत कळलं. हिंदुस्थानात १९०४ च्या कायद्याने पहिल्या सहकारी पतपेढ्या निघाल्या, तेव्हा खेड्यांतल्या संस्थांची जबाबदारी अमर्यादित ठेवली होती. एकाने बुडवलं तर सगळ्यांनी भरायचं. जर्मनीतल्या राइफायझेनच्या पतपेढ्यांवरून घेतलेली ही रीत. आज ऐकायला क्रूर वाटते, पण त्यात एक हिशेब होता. गावात एकाच्या बांधाला दुसऱ्याचा बांध लागलेला. कुणाचा बैल मेला, कुणी कर्ज काढून लग्न केलं, कुणाची विहीर आटली, हे सगळ्यांना दिसतं. जबाबदारी सगळ्यांची असली की सगळे एकमेकांवर डोळा ठेवतात, आणि त्या डोळ्यांवरच पतपेढी चालते.

न्यूयॉर्कच्या गटांनी जबाबदारी गावातली घेतली आणि ओळख शहरातली. शेकडो सभासद, राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुणी कुणाचं तोंड न बघितलेलं. डोळा ठेवायचं काम पगारी माणसावर सोपवलेलं.

कोसळलं ते

२००७-०८ मध्ये न्यूयॉर्कमधले गट एकामागून एक कोसळू लागले. सगळ्यात गाजलं ते पोकिप्सीच्या कॉम्पेन्सेशन रिस्क मॅनेजर्स या प्रशासक कंपनीचं प्रकरण. तिच्या मूळ कंपनीचे शेअर २००५ च्या डिसेंबरात नॅस्डॅकवर आले होते. आरोग्यसेवा, बांधकाम, वाहतूक, किरकोळ विक्री अशा आठ धंद्यांचे गट ती चालवायची. २००८ मध्ये तिने न्यूयॉर्कमधला प्रशासकाचा परवाना परत केला आणि पुढे राज्याने तिच्यावर दावा लावला. इतर प्रशासकांचेही गट बुडाले. हे दुखणं एकट्या न्यूयॉर्कचं नव्हतं. केंटकीत २००४ मध्येच एक मोठा गट कोर्टाच्या देखरेखीखाली गेला होता आणि तिथल्या सभासदांनाही अशीच बिलं गेली होती.

राज्याचं वर्कर्स कॉम्पेन्सेशन बोर्ड बुडालेल्या ट्रस्टांच्या जागी उभं राहिलं आणि त्याने प्रशासक, हिशेबतपासनीस, ॲक्चुअरी यांच्यावर दावे केले. विश्वस्तांवरही. सँडविच खाऊन सह्या करणारे छापखानेवाले कोर्टात कसे उभे राहिले असतील, याची मी कल्पना करू शकते. बोर्डाने काही भार गटांशी संबंध नसलेल्या, स्वतःचा स्वतंत्र स्वविमा असलेल्या मालकांवरही टाकला, तेव्हा तेही कोर्टात गेले. २०११ च्या कायद्याने अशा बहुतेक गटांचं दार बंद झालं. २०१३ मध्ये उरलेलं देणं मार्गी लावण्यासाठी ९० कोटी डॉलरपर्यंतचे रोखे काढायला परवानगी मिळाली.

आमच्या ऑफिसात मात्र बातम्यांपेक्षा माणसं जास्त यायची. एक जण म्हणाला, बोर्डाने वेळेवर का थांबवलं नाही? दुसरा म्हणाला, माझ्या वकिलाने हे पान वाचलंच नव्हतं. तिसरा कंपनी बंद करून फ्लोरिडाला निघून गेला. त्याचा वाटा कुणावर सरकला ते माझ्या वहीत आहे.

चेक

या सगळ्यात एका माणसाचं काय झालं, हे विचारायला कुणी आलं नाही. कामावर ज्याचा हात गेला होता तो.

त्याचं काही झालं नाही. गट बुडाला, प्रशासक बदलला, चेकवरचं नाव बदललं, पण चेक यायचा थांबला नाही. सहावं पान त्याच्यासाठीच होतं. मालकांना छळायला कुणी ते लिहिलं नव्हतं. न्यूयॉर्कचा पहिला कॉम्प कायदा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च १९११ रोजी रद्द केला, मालकाकडून त्याची चूक नसताना पैसे घेता येणार नाहीत म्हणून. दुसऱ्याच दिवशी, २५ मार्चला, न्यूयॉर्क शहरातल्या ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली आणि १४६ जण गेले. बहुतेक परदेशातून आलेल्या तरण्या मुली. पुढे राज्यघटना बदलून नवा कायदा आला, तो १९१४ पासून लागू झाला. त्याचा गाभा एकच. चूक कुणाची हे विचारायचं नाही, कामगाराला पैसे पोचले पाहिजेत. मग मधला निधी आटला तर मालकांच्या खिशापर्यंत जायला वाट हवीच. स्वस्त वर्गणीची खरी किंमत ती वाट होती. त्या हॉलमधल्या मंडळींना वाटलं आपण विमा घेतला. प्रत्यक्षात त्या रात्री स्टेक खाता खाता सगळे मिळून विमा कंपनी झाले होते.

काकांना हे पटायला वेळ लागला. ते वकिलाकडे जाऊन आले, दोन रात्री झोपले नाहीत, मग तडजोडीला तयार झाले. ठरलेला वाटा हप्त्यांनी भरायचा आणि त्या बदल्यात इतरांच्या वाट्याच्या ओझ्यातून सुटायचं. सही करताना मात्र सगळी पानं वाचली. दोनदा.

त्यानंतर त्यांनी मला एकच गोष्ट शोधायला सांगितली. "मी पैसे भरतोय ते कुणासाठी?" नाव कळणं शक्य नव्हतं आणि योग्यही नव्हतं. पण तुटीच्या कागदांना मोठ्या क्लेमची यादी जोडलेली होती. नावं नाहीत, नुसते नंबर आणि एकेक ओळ. पहिल्या पाचांत एक ओळ होती: २००२, पॉवर प्रेस, डावा हात मनगटापर्यंत.

काकांनी त्या ओळीवर बोट ठेवलं. बराच वेळ काढलं नाही.

"प्रेसला दोन बटणं असतात," ते म्हणाले. "दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय प्रेस खाली येत नाही. एक बटण कुणीतरी तारेने बांधून ठेवलं असणार. काम भरभर होतं ना तसं. मी माझ्या शॉपमध्ये एकाला त्यावरून घरी बसवलाय."

मग पत्राची घडी घालून ते उठले. "बफेलोतलं असो नाहीतर कुठलं, ते शॉप मी एकदा बघितलं असतं ना, तर दारातूनच सांगितलं असतं. मी त्याला जामीन होतो, आणि मला कुणी तिकडे चहाला सुद्धा बोलावलं नाही."